डेंट छोटा, हिशेब मोठा

गाडीला पहिला ओरखडा पडतो ना, तेव्हा माणूस स्वतःच्या अंगाला लागल्यासारखा कळवळतो. दुसऱ्या ओरखड्याला शिव्या देतो. तिसऱ्यापासून मात्र 'चलता है' म्हणायला शिकतो. हा प्रवास साधारण दीड वर्षाचा असतो (पुण्यात सहा महिन्यांचा!). पण अधेमधे कधीतरी एक असा क्षण येतो, की भलेभले सीनियर मॅनेजर गोंधळतात. गाडी ठोकली गेलीय, लागलं कुणालाच नाही, खर्च आठ-दहा-बारा हजारांच्या घरातला आहे... आता इन्शुरन्स क्लेम करायचा, की गपचूप स्वतःच्या खिशात हात घालायचा?

माझ्यावर ही वेळ आली भूमकर चौकात. संध्याकाळचे सात. हिंजवडीतून सुटलेलं अख्खं आयटी पब्लिक त्या चौकात एकमेकांचे टेललाइट बघत उभं होतं. मीही उभा होतो. आणि मागून धप्प! डिलिव्हरीवाल्या पोराची बाइक. उतरून बघितलं तर बंपरचा उजवा कोपरा चिरलेला, आतल्या क्लिपा तुटून तो खाली लोंबायला लागलेला. पोरगं वीस-एकवीसचं. पडलं नव्हतं, लागलंही नव्हतं, पण चेहरा पांढराफटक.

"दादा, ब्रेक लागलाच नाही. सॉरी दादा."

"इन्शुरन्स आहे का गाडीचा?"

"माहीत नाही दादा, गाडी मित्राची आहे."

मागे शंभर हॉर्न. त्यानं खिशातून पाचशेची नोट काढली आणि माझ्यापुढे धरली. आता थिअरीत बघायला गेलं तर त्याच्या गाडीच्या थर्ड पार्टी इन्शुरन्समधून माझं नुकसान भरून मिळू शकतं. कायद्याने प्रत्येक गाडीला तो सक्तीचाच आहे. पण त्यासाठी पोलिसांत तक्रार, मग मोटार अपघात दावा न्यायाधिकरण, तारखा, वकील. एका बंपरसाठी या वाटेला कोण जातं? मी दोन्ही गाड्यांचे आणि नंबरप्लेटचे फोटो काढले, त्याचा मोबाइल नंबर घेतला आणि त्याला जाऊ दिलं. पाचशे घेतले नाहीत. घेतले असते तर पाप लागलं असतं असं नाही. पण त्याच्या बॅगेत कुणाचं तरी जेवण गार होत होतं आणि पाचशेनं माझं काहीच भागणार नव्हतं.

एक लक्षात घ्या. समोरच्याकडून नुकसानीचे पैसेही घ्यायचे आणि त्याच नुकसानीचा क्लेमही लावायचा, हे चालत नाही. आणि समोरच्याला काही कबूल करायचं, लिहून द्यायचं किंवा पैसे द्यायचे, तर आधी कंपनीची लेखी परवानगी हवी, असं पॉलिसीच्या अटींमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं. रस्त्यात कागदावर 'चूक माझी' वगैरे लिहून देण्याचा दिलदारपणा नंतर महागात पडू शकतो.

आणि हो, कुणाला लागलं असेल तर हा लेख तिथेच बाजूला ठेवा. तिथे डेंटचा हिशेब नसतो. आधी हॉस्पिटल, मग पोलिसांना आणि इन्शुरन्स कंपनीला खबर. मोटार वाहन कायदा ड्रायव्हरवर ही जबाबदारी टाकतो आणि पोलिसांना कळवायला चोवीस तासांची मुदत देतो. 'जाऊ दे, मिटवून टाकू' हे फक्त पत्र्या-प्लास्टिकच्या बाबतीत.

तर दुसऱ्या दिवशी ऑफिसात कॅन्टीनमध्ये विषय निघाला आणि चहा येईपर्यंत दोन पार्ट्या पडल्या. पहिली पार्टी : "अरे, मग प्रीमियम कशाला भरतोस? हक्काचे पैसे आहेत. टाक क्लेम!" दुसरी पार्टी : "वेडा आहेस का? एनसीबी उडेल!" दोन्ही बाजू जबरदस्त कॉन्फिडन्ट. गंमत म्हणजे एनसीबी उडतो म्हणजे नक्की किती रुपये उडतात, हे एकालाही सांगता येईना. दिवसभर एक्सेलमध्ये दुसऱ्यांच्या कंपन्यांचे कोटींचे हिशेब करणारी ही मंडळी स्वतःच्या गाडीचा हिशेब मात्र आवाजाच्या जोरावर करतात.

तो हिशेब इथे करू. अवघड नाहीये.

एनसीबी म्हणजे नो क्लेम बोनस. वर्षभर क्लेम केला नाही की पुढच्या रिन्युअलला ओन डॅमेज प्रीमियमवर २० टक्के सूट. सलग दोन वर्षं नाही केला तर २५, तीन वर्षांनी ३५, चार वर्षांनी ४५ आणि पाच वर्षांनी ५० टक्के. त्यावर नाही. मात्र एक क्लेम केलात की साप-शिडीच्या पटावरचा मोठा साप! पुढच्या वर्षी थेट शून्य. तिथून परत २०, २५, ३५ करत चढायचं.

ही सूट फक्त ओन डॅमेजच्या भागावर असते, म्हणजे तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठी तुम्ही जो प्रीमियम भरता त्यावर. थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवतं, त्याचा बोनसशी संबंध नाही. त्यामुळे 'माझा प्रीमियम अठरा हजार, म्हणजे नऊ हजार गेले' असं डोकं धरून बसू नका. पॉलिसीच्या पीडीएफमध्ये 'ओन डॅमेज' असा वेगळा रकाना असतो, तिथे बघा. (ही पीडीएफ उघडणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही, ती गोष्ट वेगळी.)

माझ्या गाडीचं ओन डॅमेज, कुठलीही सूट न धरता, साधारण ८,००० रुपये. चार वर्षं क्लेम नाही, म्हणून सध्या ४५ टक्के सूट चालू. गप्प बसलो तर पुढच्या वर्षी ५० आणि तिथून पुढे ५०च. क्लेम केला तर पुढची पाच वर्षं ०, २०, २५, ३५, ४५. म्हणजे दर वर्षी किती सूट हुकली? ५०, ३०, २५, १५ आणि ५. बेरीज १२५ टक्के! आठ हजारांच्या सव्वा पट म्हणजे दहा हजार, त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ११,८०० रुपये. गाडी जुनी होते तशी तिची विम्यातली किंमत उतरते आणि प्रीमियमही थोडा उतरतो. त्यामुळे प्रत्यक्षात आकडा जरा कमी येईल. पण अंदाज म्हणून हा पक्का. शिवाय ओन डॅमेजचे दर २००७ पासून कंपन्या स्वतः ठरवतात, त्यामुळे क्लेम बघून त्या बेस रेटही हलवू शकतात. ते वेगळंच.

हा झाला क्लेमचा खर्च. आता क्लेमची कमाई.

सर्व्हिस सेंटरला गेलात की काउंटरवरचा अॅडव्हायझर 'काय झालं' हे विचारायच्या आधी एक प्रश्न विचारतो : "सर, इन्शुरन्स की कॅश?" माझा सल्ला : उत्तर देऊ नका. हसा. म्हणा, "आधी एस्टिमेट द्या, पार्ट, पेंट आणि लेबर वेगवेगळं लिहून." हे वेगवेगळं का, ते आता कळेल.

माझं एस्टिमेट आलं १०,७०० रुपये. नवा बंपर ५,५००, पेंटिंग ४,०००, लेबर १,२००. आता कंपनी यातले किती देते? प्लास्टिक, रबर, नायलॉनच्या पार्टवर ५० टक्के घसारा, गाडी कालच शोरूममधून बाहेर पडलेली असली तरी. म्हणजे बंपरचे २,७५०. पेंटच्या बिलातला पाव भाग रंगाच्या मटेरियलचा धरतात आणि त्याच्या निम्मे कापतात, म्हणजे ४,०००चे ३,५००. लेबर पूर्ण. झाले ७,४५०. त्यातून कंपल्सरी डिडक्टिबल, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये आपण सोसायचीच ती रक्कम. ती १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० आणि त्यावरच्या गाडीला २,००० रुपये. माझ्या हातात काय? ६,४५०. उरलेले ४,२५० क्लेम करूनही माझ्याच खिशातून!

एका हाताने ६,४५० घ्यायचे आणि पाच वर्षांत दुसऱ्या हाताने ११,८०० परत करायचे. पहिल्या दोन रिन्युअललाच ४,७२० आणि २,८३२ मिळून ७,५५२ गेले असते. कॅन्टीनमधल्या दुसऱ्या पार्टीनं हे ऐकून टाळ्या वाजवल्या.

पण थांबा, त्यांनी फार उड्या मारायचं कारण नाही. हा पाच वर्षांचा तोटा कधी पूर्ण बसतो? पुढची पाच वर्षं तुम्ही एकही क्लेम करणार नसाल तर! पुढच्याच वर्षी मोठा क्लेम करावा लागला, तर तो साप तेव्हा चावणारच होता. म्हणजे आधीच्या छोट्या क्लेमचं नुकसान तेवढ्या एका वर्षापुरतं. त्यामुळे मी आपला मधला मार्ग काढलाय. पहिल्या दोन वर्षांची हुकणारी सूट मोजायची. हातात पडणारी रक्कम तिच्याहून कमी असेल तर क्लेम विसरा. दुपटीहून जास्त असेल तर बिनधास्त करा. मधे कुठेतरी असेल तर आपण गाडी कशी चालवतो आणि कुठे लावतो, याचा प्रामाणिक विचार करा. रोज रात्री गल्लीत पार्क करणाऱ्यानं स्वतःला पाच वर्षांचं क्लेम-फ्री भविष्य देऊ नये!

आणि पॉलिसीचं वय बघा. गाडी नवी आहे, पहिलंच वर्ष आहे, बोनस शून्यावरच आहे, तर साप चावून चावून किती खाली नेणार? सूट हुकते ती २०, ५, १०, १० आणि ५, म्हणजे मूळ ओन डॅमेजच्या फक्त निम्मी. म्हणजे अगदी तोच डेंट, पण पहिल्या वर्षी क्लेम केला तर पाचव्या वर्षीच्या निम्म्याहून कमी किमतीत पडतो. (अर्थात नव्या गाडीचा प्रीमियम मोठा असतो, तेव्हा टक्क्यांचे रुपये करूनच बघा.) त्यात नव्या गाडीला बहुतेकांनी झीरो डेप घेतलेलं असतं, म्हणजे ते घसाऱ्याचं कापाकापीचं प्रकरणच नाही. माझ्याकडे झीरो डेप असतं तर १०,७०० मधून फक्त हजार कापून ९,७०० मिळाले असते, आणि मग मलाही दोन रात्री विचार करावा लागला असता. एनसीबी प्रोटेक्ट नावाचं अॅड-ऑन घेतलेलं असेल तर क्लेम करूनही बोनस टिकतो, पण वर्षात किती क्लेमपर्यंत आणि कुठल्या अटींवर, ते पॉलिसीत वाचा. आणि झीरो डेपवालेसुद्धा वर्षात बऱ्याचदा दोनच क्लेम देतात.

उलटी बाजू म्हणजे व्हॉलंटरी डिडक्टिबल. ऑनलाइन पॉलिसी घेताना स्क्रीनवर एक ऑप्शन येतो : हे निवडा आणि प्रीमियम कमी करा. आपण ऑफिसच्या कॉलवर म्यूटमध्ये बसून ते निवडतो आणि विसरतो. मग क्लेमच्या वेळी कळतं, की कंपल्सरी हजाराच्या जोडीला अडीच हजार, पाच हजार असे आपणच आपल्या डोक्यावर घेतलेत. माझ्या हिशेबात अडीच हजारांचं व्हॉलंटरी असतं तर ६,४५० चे झाले असते ३,९५०. एवढ्यासाठी फॉर्म भरायचा?

एस्टिमेट हातात घेऊन निघणार, तेवढ्यात अॅडव्हायझर जवळ आला. आवाज खाली.

"सर, डाव्या दाराला पण जुना स्क्रॅच आहे. फेंडरला पण आहे. क्लेम लावायचाच तर सगळं एकाच इन्सिडेंटमध्ये घेऊन टाकू ना. गाडी नवी होऊन जाईल."

हा डायलॉग ज्यानं ऐकलेला नाही असा गाडीवाला विरळा. आणि खरं सांगायचं तर ऑफर भारी वाटते. पण मागून बसलेला धक्का डाव्या दाराला कसा पोहोचला, याची गोष्ट क्लेम फॉर्मवर कोण लिहिणार? मी. सही कुणाची? माझी. नियम सरळ आहे : प्रत्येक घटनेचा क्लेम वेगळा आणि प्रत्येकाचं डिडक्टिबल वेगळं. सर्व्हेअर रोज पन्नास गाड्या बघतो, जुन्या ओरखड्यातली धूळ आणि गंज त्याला कळतो. आणि न कळला तरी ती खोटी गोष्टच आहे. मी म्हटलं, "नको भाऊ, दाराचं दार बघून घेईल." तो हसला, त्याला राग आला नाही. दिवसातून दहा वेळा विचारत असेल, नऊ जण हो म्हणत असतील.

तिथून मी गाडी घेऊन गेलो नाना पेठेत. स्पेअर पार्ट, डेंटिंग-पेंटिंग, जे म्हणाल ते तिथे मिळतं, फक्त पार्किंग मिळत नाही. तिथल्या एका पेंटरचाचांनी लोंबता बंपर अंगठ्यानं दाबून बघितला आणि म्हणाले, "बदलायचा कशाला? वेल्डिंग होतं प्लास्टिकचं. क्लिपा नवीन टाकतो, कलर मारतो. अडतीसशे." अडतीसशे! क्लेम करूनही माझ्या खिशातून ४,२५० जाणार होते, आणि इथे अख्खं काम त्याहून कमी पैशांत. फिनिशिंग शोरूमसारखं नाही, उन्हात तिरकं बघितलं तर शेडमध्ये किंचित फरक दिसतो. मला चालतं. तुमची गाडी वॉरंटीत असेल, बंपरमध्ये सेन्सर-कॅमेरे असतील, तर असला प्रयोग करू नका, कंपनीच्याच वर्कशॉपला जा.

या सगळ्यात एक गोष्ट कॅन्टीनमध्ये कुणालाच ठाऊक नव्हती, आणि आपल्या वयाच्या लोकांसाठी तीच सगळ्यात महत्त्वाची आहे. एनसीबी गाडीचा नसतो, मालकाचा असतो! जुनी गाडी विकली की कंपनीकडून एनसीबीचं सर्टिफिकेट घ्यायचं आणि तीन वर्षांच्या आत नव्या गाडीला ती सूट लावायची. आता बघा. माझ्या जुन्या हॅचबॅकवर ५० टक्के म्हणजे ४,००० रुपये. पण दिवाळीला नवी एसयूव्ही घ्यायची असेल आणि तिचं ओन डॅमेज समजा २५,००० असेल, तर तेच ५० टक्के म्हणजे पहिल्याच वर्षी १२,५००! प्रमोशन झालंय, पॅकेज वाढलंय, बायको 'सनरूफवाली घेऊ' म्हणतेय, अशा वर्षी जुन्या गाडीच्या फुटक्या लाइटसाठी क्लेम टाकणं म्हणजे वाण्याकडे पाचशेची नोट देऊन सुट्टे न घेता निघून येणं.

विकणाऱ्यांनी ते सर्टिफिकेट मागायला मात्र विसरू नका. डीलर आपणहून आठवण करेलच असं नाही. आणि पॉलिसी संपल्यावर ९० दिवसांत रिन्यू केली नाही तरी बोनस जातो, क्लेम न करताच.

आता काही स्मार्ट मंडळी म्हणतील, क्लेम करायचा आणि रिन्युअलला कंपनी बदलून 'क्लेम नाही' वर टिक मारायची. नव्या कंपनीला काय कळतंय? बॉस, कळतं. नवी कंपनी जुनीकडे विचारते. आणि त्या टिकच्या शेजारी बारीक अक्षरात जे छापलेलं असतं त्याचा अर्थ असा, की ही माहिती खोटी निघाली तर तुमच्या गाडीच्या नुकसानीचं सगळं संरक्षण रद्द. वर्षाला चार हजार वाचवायला गेलात आणि गाडी चोरीला गेली किंवा पुरात बुडाली, तर हातात फक्त किल्ली.

काय करायचं ते लवकर ठरवावं लागतं, ही खरी अडचण. कंपनीला ताबडतोब कळवणं ही पॉलिसीची अट असते आणि सर्व्हे व्हायच्या आधी गाडी उघडून दुरुस्त केली तर क्लेमवर पाणी. म्हणजे एस्टिमेट, पॉलिसीची पीडीएफ आणि मोबाइलचा कॅल्क्युलेटर, सगळं एक-दोन दिवसांत. आधी लोंबता बंपर दोरीनं बांधून महिनाभर फिरायचं आणि मग क्लेमचा विचार करायचा, असं जमत नाही.

आमच्या टीममधल्या एकाला गेल्या आठवड्यात हा हिशेब करायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. तळेगावजवळ कुत्रं आडवं आलं, त्यानं वाचवलं, गाडी डिव्हायडरला. कुत्रा ओके, तो ओके, पण हेडलाइट, बॉनेट, समोरची काच, सगळं गेलं. एस्टिमेट ४८,०००. गाडी दुसऱ्या वर्षातली, बोनस २० टक्क्यांवर, झीरो डेप घेतलेलं. बोनस गेल्यानं पाच वर्षांत फार तर तेरा हजार जातील, मिळतील सत्तेचाळीसच्या आसपास. त्यानं तिथूनच कंपनीला फोन लावला. इन्शुरन्स असतो तो याच्यासाठी. गाडी शनिवारी मिळणार आहे म्हणतात. तोवर तो रोज माझ्या गाडीत येतो आणि वाकड येईपर्यंत एफएमचं स्टेशन बदलत बसतो.